बेल्ह्याचा लिंबाजी

दादाभाऊने बहिणीचं दुसरं लग्न ठरवलं, तेव्हा रत्नाला एवढंच सांगितलं, "माणूस दारू पीत न्हाई. तुला आनखी काय पायजे?"

माणूस चिनी आहे, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. सगळ्या बेल्ह्याने त्याला पाहिलेलं होतं. लिम क्वेत फा त्याचं नाव. चीनमधल्या कुठल्याशा डोंगरगावातून आईच्या पाठीला बांधलेला तो कलकत्त्याला आला, कातडी कमावायच्या कारखान्यात वाढला, पुढे पुण्यात एका हॉटेलात आचारी झाला. टोमॅटोचा टेम्पो घेऊन पुण्याला जाणाऱ्या दादाभाऊने तिथे त्याच्या हातचं खाल्लं आणि गोड बोलून त्याला गावी आणलं. बाजाराच्या रस्त्यावर दादाभाऊचा गाळा रिकामाच पडला होता.

सुरुवातीला लोक खायला कमी आणि बघायला जास्त यायचे. 'लिम' कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याचा लिंबाजी झाला. सोमवारी बैलबाजाराला आलेले व्यापारी दारातूनच ओरडायचे, "लिंबाजी, डोळं उघड की राव, आमी आलो!" तो हसायचा. गाव आपल्याला जवळ करतंय, असं त्याला वाटायचं.

मूल होत नाही म्हणून रत्नाला पहिल्या नवऱ्याने आणे गावाहून माहेरी आणून टाकलं होतं. वहिनीला ती घरात नकोशी झाली होती. लग्न लावून दिलं की बहीण घरातून जाईल आणि आचारी गावातून जाणार नाही, असा दादाभाऊचा साधा विचार.

गाळ्यामागच्या खोलीत दोघांचा संसार सुरू झाला. पहिल्याच दिवशी लिमने भात आणि आल्याचं पातळ कालवण करून तिला वाढलं. आजवर कुठल्या पुरुषाने तिला ताट वाढलं नव्हतं. जेवता जेवता ती रडायला लागली. तो घाबरला.

"तिखट झालं?"

त्यात मिरचीच नव्हती. पुढे तिनेच त्याला इकडचं तिखट शिकवलं. दोघांनी मिळून केलेल्या शेजवान चटणीसाठी लोक लांबून यायला लागले. दादाभाऊ कढईशेजारी उभा राहून सगळं बघत असायचा. असं दहाएक वर्षं नीट चाललं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात टीव्हीवर चीनचा रोग आला. तोंडाला फडकी बांधलेली माणसं दिसायची आणि त्यांचे डोळे लिमसारखे असायचे. लिमला खोकला होता, पण तो जुना, कढईच्या धुराचा. एका सोमवारी भर गर्दीत त्याला ढास लागली. एक गिऱ्हाईक भरली ताटली सोडून उठलं. "ह्यो तिकडचाच हाय," कुणीतरी म्हणालं, आणि बघता बघता सगळी बाकडी रिकामी झाली.

दादाभाऊने त्याच दिवशी त्याला मळ्यातल्या कांदे साठवायच्या चाळीत नेऊन ठेवलं. "दाजी, चार दिस काढा हितं," म्हणाला. बहिणीला म्हणाला, "भाकरी बांधावर ठेवायची आन माघारी फिरायचं. जवळ गेलीस तर माज्या दारात पाय ठेवू नको."

ती भाकरी ठेवून मागे सरायची, मग तो येऊन उचलायचा. एकदा त्याने हाक मारली, "रत्ना, पाणी संपलं." वहिनी विहिरीपाशी उभी राहून बघत होती. रत्ना वळली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कळशी नेली. त्याचे ओठ फुटलेले तिला लांबूनही दिसले. तो बांधावर आला. कळशी तोंडाला लावून पाणी पीत राहिला.

चार दिवस म्हणता म्हणता पावसाळा उजाडला. डॉक्टरने छाती तपासून दमा असल्याचं सांगितलं. दवाखान्यातून लिम आणि रत्ना परतले तेव्हा गाळ्यावर नवी पाटी होती, 'दादाभाऊ चायनीज'. कढई दादाभाऊच्या हातात.

"तुमाला बघून गिऱ्हाईक उठतंय, दाजी. तुमी आत बसून कोबी चिरा."

लिमने सुरी घेतली आणि पडद्यामागे जाऊन बसला. जाणार कुठे? कलकत्त्यात आता त्याचं कुणी उरलं नव्हतं.

पुढे फाट्याफाट्यावर चायनीजच्या लाल गाड्या उभ्या राहिल्या. धंदा वाटला गेला, तशी दादाभाऊला दाजीची आठवण झाली. त्याने खोटी वेणी लावलेली लाल टोपी आणली आणि लिमला दारात स्टुलावर बसवलं. "खरा चिनी फकस्त आपल्याकडं!" पोरं डोळे ताणून त्याला वेडावायची. मोठी माणसं त्याच्या खांद्यावर हात टाकून मोबाईलवर फोटो काढायची. रस्त्याच्या धुळीने त्याची छाती भात्यासारखी वाजायची.

"दादा, धूळ सोसत न्हाई त्यास्नी," रत्ना म्हणाली.

"बसून तर ऱ्हायाचंय. जरा हसायचं."

लिमच म्हणाला, "राहू दे. इथं लोक बघतात तरी."

एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, ती पाणी घेऊन गेली. तो चौकटीला टेकला होता. शेजारी एक जण फोटोसाठी नीट उभा राहत होता. तिने खांद्याला हात लावला आणि लिम कलंडला.

दादाभाऊ कढईवरूनच म्हणाला, "मागल्या खोलीत ने. बाजार उठल्यावर बगू. गिऱ्हाईक बसलंय."

रत्नाने टोपी काढून गटारात फेकली. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन ती गाळ्यासमोरच्या रस्त्यात बसली आणि तिने हंबरडा फोडला. खाणाऱ्यांपैकी थोडे उठले. बाकीच्यांनी खुर्च्या फिरवून घेतल्या आणि ताटल्या संपवल्या.

त्याच्या लोकांत पुरतात. तिने भावाकडे बांधाकडेची तेवढी जागा मागितली. "मळ्यात मुडदा? उद्या मजूर येतील का माज्याकडं?" दादाभाऊ म्हणाला. संध्याकाळी लिमला जाळलं.

रत्ना निरगुडसरला गेली, लोकांच्या कांद्यात खुरपायला. काही महिन्यांनी दादाभाऊ मोटरसायकलवर आला. "चटणीला ती चव न्हाई, रत्ने. चल घरी." तिने त्याला बस म्हटलं नाही. तो उन्हात उभा राहिला, दोनदा हाका मारल्या आणि गेला. चव नसली तरी त्याचं दुकान आजही चालतं.