चांदीचं बोंडलं

लेकीला दूध पाजायचं म्हणून आज चांदीचं बोंडलं घासायला काढलं, आणि विजय नगरच्या माहेरच्या घरातली ती दुपार आठवली.

मांजरी गाडीखाली गेली होती. डोळेही न उघडलेली तिची दोन पिल्लं आम्ही सांभाळत होतो. संध्याकाळी रेस्क्यूवाले न्यायला येणार होते. आईने एकाला मांडीवर उताणं घेतलं आणि जसं कधीकाळी मला पाजलं होतं तसं याच बोंडल्याने दूध घातलं. ते नाकातून बाहेर आलं. पिल्लाचं अंग एकदम सैल पडलं.

"आई, उताणं काहून घेतलं तू!" मी ओरडले.

त्याला तळहातावर पालथं धरून आई पदराने पाठ चोळत राहिली. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, कुणी उठलं नाही. मग एक बारीकशी शिंक आली.

संध्याकाळी रेस्क्यूवाल्या मुलीला आई दारातच बजावत होती, "दीदी, पेट के बल लिटाके पिलाना, हाँ!"

तेव्हा मला हसू आलं होतं. आज लेक माझ्या मांडीवर उताणी आहे, बोंडलं तिच्या ओठांशी आहे, आणि ती पहिला घोट गिळेपर्यंत श्वास माझा अडकलाय.