गजरापर्यंत पोचलेली गाडी

गाडीच्या स्टिरिओसाठी गाणी भरायचं काम मी कुणाला करू देत नसे. पेनड्राइव्ह तेव्हा नवीन होते आणि घरात प्रत्येकाला वाटायचं, त्यातलं आपल्यालाच कळतं. मुलीने एकदा सगळी भजनं एकदम ओतून दिली. झालं काय, तर स्टिरिओने आधी गजर लावला, मग गौळण, आणि रूपाचा अभंग सगळ्यात शेवटी. आमच्याकडे एखादा बुवा असं गायला तर लोक मंडपातून उठून जातील. सुरुवात रूपाच्या अभंगाने, मग बाकीचे अभंग, मग गौळण आणि शेवट गजराने, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी फाइलींना आकडे देऊन पाहिले, पण त्या यंत्राला आकड्यांचं काही पडलेलं नव्हतं. जी फाइल आधी कॉपी झाली ती आधी वाजणार. मग मी पेनड्राइव्ह सगळा पुसला आणि एकेक फाइल रांगेने आत सोडली. संगणकाचा कोर्स केला होता त्याचा एवढा तरी उपयोग झाला.

गाडी आमच्या यांची. उभी हयात बोटीवर काढून हे कायमचे घरी आले तेव्हा घेतलेली, जुनीच, पण चालू. वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा नवरा आता रोज डोळ्यांसमोर दिसणार म्हणून मी हरखले होते. भीतीही वाटत होती. इतकी वर्षं लांब राहिलेला माणूस इथे रमेल का, की एक दिवस बॅग भरून पुन्हा चालता होईल, हे मी मनातल्या मनात रोज चाचपायची. सकाळी मासळी आणायला हे मालवणात जायचे. तेवढंच काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

स्टिरिओची एक खोड होती. गाडी बंद केली की भजन जिथे तुटलं तिथूनच पुढच्या वेळी सुरू व्हायचं. मला ते अर्धवट चालायचं नाही. गाडीतून उतरताना मी बटण दाबून रूपाच्या अभंगावर आणून ठेवायची. तर एका दुपारी जावेला घेऊन आम्ही कसालला निघालो आणि यांनी चावी फिरवली तशी गजराची टाळी सुरू झाली. मी आदल्या संध्याकाळी अभंगावर ठेवलेलं होतं. मधे फक्त सकाळचा बाजार. बाजारात जाऊन येईपर्यंत फार तर दोन-चार अभंग व्हावेत, गौळणीचं नावही नको. मग गाडी गजरापर्यंत पोचली कशी?

"सकाळी खंय गेल्लात?" मी विचारलं.

"खंय म्हणजे? बाजारात."

"बाजार काय गोव्याक गेलो?"

हे हसले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मागच्या सीटवरच्या जावेने सगळं टिपलं होतं. घरी आल्यावर मला न्हाणीघराच्या मागे गाठून म्हणाली, "फोंडाघाटाक वगैरे कोण आसा काय गो तेंच्या वळखीचा? बोटीवरल्या माणसांचा आपणाक काय कळता?"

झालं, डोक्यात किडा वळवळू लागला. मासळीचे कल्ले उघडून बघायची सवय मला होतीच, आता संशयाने बघू लागले. सकाळी घेतलेल्या बांगड्याचे कल्ले लाल हवेत, हे आणतात त्याचे फिकट. म्हणजे मासळी गाडीत पडून असते. एकदा कपाटातला पासपोर्ट जागेवर आहे ना, तेही पाहून आले. फोंडाघाटाचा संशय फिटावा म्हणून काचेतून किलोमीटरचा आकडा बघून ठेवला. हे परत आल्यावर पुन्हा पाहिला, तर तो बाजार आणि घर, एवढाच पुढे सरकलेला. स्टिरिओ लावून पाहिला, तो मात्र गजरावर. मला हायसं वाटायला हवं होतं, उलट जास्तच राग आला. गाडी लांब गेली नाही, म्हणजे जे काही चाललंय ते इथेच, माझ्या नाकासमोर चाललंय.

दुसऱ्या दिवशी यांची यायची वेळ टळली तशी मी पायात चपला सरकवल्या आणि जाब विचारायलाच रस्त्याला लागले. काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. फार चालावं लागलं नाही. आमच्या घराच्या अलीकडच्या वळणावर आंब्याच्या कलमांची बाग आहे, तिच्या दगडी गडग्यामागून पखवाज ऐकू आला. अगदी दबका, जसा बंद खोलीतून यावा तसा. गौळण चालू होती.

गाडी सावलीत उभी होती, काचा वर. मी आधी शेजारची सीट पाहिली. रिकामी. मागे मासळीची पिशवी. हे सीट मागे टेकवून, डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरून एकटेच बसलेले. मी दार उघडलं तसे दचकले.

"काय करतात हय? घर धा पावलांवर आसा."

"बसलंय."

"घरात बसाक काय झाला?"

यांनी स्टिरिओ बंद केला. म्हणाले, "खंय बसू, तां सांग. ओटीवर बसलंय तर तू केर काढूक येतस. खळ्यात बसलंय तर तुझ्या जावेची वाळवणा. बोटीर माझी लहानशी केबिन होती, दार लावला की माझी. हय दार लावूक ही गाडीच आसा."

"म्हणान काय हय लपान बसाचा? घर तुमचा न्हय?"

"माझा?" यांच्या आवाजात राग नव्हता, त्यानेच मला जास्त लागलं. "तू माका अजून पावण्यांच्या कपातसून चाय देतस गो."

मी तो मान समजत होते. फुलांचा, कानवाला कप, फक्त यांच्यासाठी काढायची, विसळून पुन्हा काचेच्या कपाटात ठेवायची. आम्ही सगळे स्टीलच्या पेल्यातून प्यायचो. स्वयंपाकघरातल्या फळीवर दिराचा, जावेचा, मुलीचा आणि माझा असे पेले ओळीने पालथे असायचे. त्यांत यांचा पेला नव्हता.