तुमचा घाणा कधी बिघडला?

माझ्या मोठ्या जाऊबाईंची बेकरी आहे. कामाला नवा माणूस आला की त्या त्याला एकच विचारतात, "तुझा घाणा कधी बिघडला होता का?" घाणा म्हणजे भट्टीत एका वेळी लागणारा माल. "कधीच नाही" म्हणणाऱ्याला त्या चहा पाजून वाटेला लावतात. पाव कसे जळले, मालक काय बोलला, हे जो खुलून सांगेल तो दुसऱ्या दिवशी कामावर.

याच बाई ऑपरेशनसाठी डॉक्टर शोधायला निघाल्या, आणि सोबतीला मी.

जाऊबाईंच्या वजनाचं म्हणाल तर पथ्यं झाली, चालणं झालं, उपास तर मीच तीनदा धरायला लावले. गुडघे बोलायला लागले, रक्तात साखर चढली, झोपेत श्वास अडकायला लागला. शेवटी घरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता पोटाचं ऑपरेशन करून घ्या. जाऊबाई मरणाला भीत नव्हत्या. त्यांना घोर जिभेचा. बेकरीतला प्रत्येक घाणा त्या चाखतात, त्याशिवाय माल दुकानात जात नाही. "चाखता आलं नाही तर मी तिथे काय, खुर्ची गरम करू?" म्हणायच्या.

पहिले डॉक्टर वयस्कर, मोठे नावाजलेले. त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. एका ऑपरेशनात पोटाचा मोठा भाग कापून काढतात, उरतं ते केळ्याच्या आकाराचं.

"आणि कापलेलं पोट कुठे टाकता?" जाऊबाईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "तपासायला पाठवतो."

"मग त्यात काय निघालं ते मलाही सांगा हं." मी पदराआड हसले. मग जाऊबाईंनी तो प्रश्न विचारलाच. "तुमचा घाणा कधी बिघडला होता का?" अर्थ मी समजावून सांगितला. डॉक्टर म्हणाले, "शेकड्यात एखाद्याला त्रास होतो."

"ते शेकड्याचं झालं. तुमच्या हातचं सांगा ना."

"ताई, कशाला डोक्याला ताप? सगळं माझ्यावर सोडा."

जिना उतरताना जाऊबाई म्हणाल्या, "माणूस चांगला आहे गं धाकटे. पण मी मैद्याचं पोतंसुद्धा कुणावर सोडत नाही, हे तर माझं पोट."

दुसऱ्या डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई. खोली एवढीशी, खुर्च्या मात्र रुंद आणि बिनहाताच्या. जाऊबाई बसल्या आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. इथे खुर्चीच्या हातांत अडकायला झालं नव्हतं.

जाऊबाईंनी सरळ सांगून टाकलं, "मला ते केळ्यासारखं करून द्या. दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनात म्हणे गोड खाल्लं की घाम फुटतो, छाती धडधडते. माझा धंदाच गोडाचा."

बाईंनी आधी दुर्बिणीची तपासणी करायला लावली आणि मग म्हणाल्या, "ते मी तुम्हाला करणार नाही. तुमची जळजळ जुनी आहे, अन्ननलिका खालून सोलवटलीय. केळ्यासारखं केलं तर ती आणखी वाढू शकते. तुम्हाला दुसरं बरं. वरती छोटी पिशवी करायची आणि ती पुढच्या आतड्याला जोडायची. साखरेलाही त्याचा जास्त उपयोग. गोळ्या मात्र जन्मभर घ्याव्या लागतील. आणि गोड गिळलं तर तुम्ही म्हणता ते होऊ शकतं."

जाऊबाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, तुमचा घाणा कधी बिघडला होता का?"

अर्थ कळल्यावर डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हो. एका पेशंटच्या टाक्यांतून गळती झाली. सकाळी नाडी वाढली होती, मला वाटलं घाबरल्यात. मी घरी जेवायला गेले. संध्याकाळी पुन्हा पोट उघडावं लागलं. वाचल्या, पण महिनाभर हाल झाले. तेव्हापासून नाडी वाढली की कारण सापडेपर्यंत मी हलत नाही."

"आणि न गिळता चव कळते का?"

"ते मला नाही ठाऊक. तुम्हीच करून बघा."

रिक्षात जाऊबाई म्हणाल्या, "डॉक्टर ठरली. ऑपरेशन नाही ठरलं."

दुसऱ्या दिवसापासून बेकरीत परीक्षा सुरू झाली. मोठे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, तीन ताटल्यांत बिस्किटं ठेवायचे, त्यातल्या एकीत मुद्दाम खोट. जाऊबाईंनी चघळायचं, मगात थुंकायचं आणि खोट ओळखायची. अन्न थुंकायचं म्हणजे मला कसंतरीच व्हायचं. मी तो मग हातात धरून उभी राहायचे आणि मनात देवाची माफी मागायचे.

पहिल्या दिवशी दोनदा गिळलंच. भाऊजी म्हणाले, "मगाला उपास घडला."

"तुम्ही गल्ला सांभाळा!"

पुढे थुंकणं जमलं, पण खोट ओळखेना. "चव घशात असते गं," त्या रडवेल्या झाल्या. "इतकी वर्षं मी घशानं चाखत होते." त्या रात्री मी देवापुढे बसले तर काय मागावं तेच कळेना. ऑपरेशन होऊ दे म्हणू, की जीभ राहू दे?

नंतर त्यांनी आपणच एक युक्ती काढली. घास तोंडात धरायचा, ओठ मिटायचे आणि नाकानं सावकाश श्वास सोडायचा. एकदा असं करता करता त्यांचे डोळे मोठे झाले. मगात थुंकून त्या म्हणाल्या, "मधल्या ताटलीतलं लोणी शिळं आहे."

भाऊजी गोंधळले. "मधलीत मी काहीच केलं नाही. खोट डावीकडची, तिच्यात मीठ नाही."

"ती तर कळलीच. पण मधलीतलं लोणी शिळं आहे."

कारागिराने त्या घाण्याला वापरलेला लोण्याचा डबा उघडून वास घेतला. लोणी खरंच उतरलं होतं. भाऊजींनी तिन्ही ताटल्यांतलं एकेक बिस्किट गिळून चाखलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

जाऊबाईंनी तोंड धुतलं, पदराला पुसलं. मी देवाला हात जोडले, या खेपेला माफीसाठी नाही.

"धाकटे, डॉक्टरबाईंना फोन लाव. येतो म्हणावं. आणि त्या दिवशी ताज्या लोण्याच्या बिस्किटांचा मोठा डबा बरोबर घ्यायचा."

"अहो ताई, तुम्हाला तेव्हा पाणीसुद्धा देणार नाहीत."

"माझ्यासाठी नाही गं. माझी नाडी वाढली तर बाईंना जेवायला घरी जावं लागू नये."