पहिली नजर

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. काच ज्याने रंगवली, त्यानेच ती सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांत आधी बघायची. मॅडमसुद्धा मागे थांबतात. कितीतरी दिवस ती पहिली नजर माझी होती.

मी नववीतून शाळा सोडलेली. हिंगोलीकडून नवऱ्यामागे सोमाटण्याला आले आणि इथे फरशी पुसायला लागले. मॅडमनी माझ्या हातातलं फडकं काढून घेऊन काचा दिल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि कधी परत फडकं हातात येईल ही धास्तीही जात नाही.

बोकडाच्या अंडकोशात शुक्राणू कसा घडतो, ते इथे बघतात. खाटकाकडून आलेला माल पिवळ्या द्रावणात मुरवायचा, मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापून काचेवर घ्यायचा. मग रंग. एक औषध बाटलीत पाण्यासारखं दिसतं, पण त्यातून काढलेली काच नळाखाली धरली की गुलाबी चढत जातो. शेवटी निळा. भिंगाखाली बांगड्या शेजारी शेजारी मांडल्यासारख्या नळ्या दिसतात. कडेला कोवळ्या पेशी, आत वाढलेल्या. मधल्या गोल पेशींवर गुलाबी ठिपका असतो, तो पसरून टोपी होते. ती टोपी नसेल तर शुक्राणू मादीच्या बीजात शिरत नाही.

"टोपी दिसली का गं?" मॅडम मागून विचारायच्या. "दिसली," म्हणताना मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटायचं.

पावसाळा सरता सरता लोणावळ्याहून एक मुलगी यायला लागली. एमएस्सी झालेली, स्कूटीवर येणारी. मॅडम म्हणाल्या, "रंगाचं तिला शिकू दे. तू कापायचं बघ."

मी मान हलवली. काही दिवसांत माझ्या बोटांचा जांभळा डाग उतरला आणि तिच्या बोटांवर चढला. दोघी सूक्ष्मदर्शकाशी डोकं लावून हसायच्या, तेव्हा माझ्या हातातली मेणाची पट्टी तुटायची.

काचसामान धुणाऱ्या, कार्ला गावाहून येणाऱ्या मावशींनी ते ओळखलं.

"तोंड का पाडलंयस गं?"

"कुठे काय, मावशी."

"व्हय, कुटं काय! सवत आल्यावानी बघतीस तिच्याकडं. आन् कशापायी, तर बोकडाच्या त्या... आमी हितं त्याचं कालवण करतो, बाई!"

मी हसले. पण झोंबलं. त्या मुलीच्या काचांवर रंग फिका यावा, असं मी रोज मनात म्हणत होते.

एका दुपारी तिने काच लावली, बराच वेळ बघितलं आणि उठली. "ताई, या ना, बघा."

मी बघितलं. प्रत्येक टोपीची कड मेंदीच्या रेषेसारखी वेगळी उठली होती. माझ्या काचांवर असं कधी आलं नव्हतं. फिकं पडेल या भीतीने मी निळ्यात काच जरा जास्तच ठेवायचे, आणि त्या निळ्याखाली गुलाबी दबायचा. ही मुलगी वेळेवर काढत होती. भीत नव्हती.

"छान आलंय," मी म्हणाले. खरंच छान होतं, म्हणूनच सहन होईना.

मॅडम बाहेर हात धूत होत्या. आजवर त्यांच्याकडे मी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

"मॅडम, उद्याच्या काचा मी रंगवू?"

त्यांनी नळ बंद केला. "एवढंच ना? मग रडवेली का झालीस? उद्या दोघी करा. अर्ध्या तू, अर्ध्या ती."

"बरं," म्हणाले. फडकं टळलं, काचा मिळाल्या. टेबलाशी येऊन काचांचा डबा उघडला आणि चांगले काप आलेल्या काचा गुपचूप माझ्या बाजूला सरकवायला लागले.

"ताई," ती मुलगी मागून म्हणाली, "त्यातली एक तरी मला ठेवा हं."