जमिनीला न सांगितलेलं

इथे आफ्रिकेत, घानात, मी शेतांत ठिबक सिंचनाच्या नळ्या टाकायला आलोय; चर खणण्याआधी गावचा म्हातारा जमिनीवर ताडी ओततो, आणि त्या आंबूस वासानं मला धुळ्याकडची आमची वस्ती आठवते. तिथे पिण्याच्या विहिरीची मोटार चालवायचं काम माझ्याकडे होतं. एका दुपारी शेजारच्या विधवा अक्कानं मला भाकर वाढली, मोटार चालू ठेवून मी तिच्याच ओट्यावर झोपलो, आणि विहीर उपसून मोटार कोरडी चालत जळाली. संध्याकाळी रिकामे हंडे घेऊन सगळे जमले. "डाकीण शे ती, तिनीच पानी बांधं," कोणीतरी ओरडलं. अक्का माझ्याकडे वळली, "तू सांग ना रे भाऊ, दुपारले तुले भाकर वाढी, मी इहिरकडे गऊ का?" झोपलो हे कबूल केलं तर काम जाईल, आणि आठवीत शाळा सुटलेल्या मला दुसरं कोण देणार, या धास्तीनं मी खाली बघत राहिलो. बायकांनीच तिचे केस कापले आणि तिला अनवाणी शिवेबाहेर हाकललं. आज इथे ताडी ओतून म्हातारा म्हणाला, कुणी पाप लपवलं तर सगळ्यांचंच बिघडतं, जमीन पाणी धरत नाही, आधी सांगून टाका. एकेकानं सांगितलं. माझी पाळी आली. "काही नाही," मी म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला, पाहुणा म्हणून जमिनीच्या नैवेद्यातला पहिला घास मलाच दिला, आणि मी हात जोडून तो खाल्ला.