द्राक्षांचा साचा आणि उरलेलं दूध

आधी मॅडमचं सांगतो, मग घटनेचं. नाव लिहायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे, म्हणून नुसतं मॅडम. बुलढाण्यात गृहविज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या. त्या नसत्या तर एका निरपराध बाईच्या कपाळी चोरीचा डाग लागला असता, आणि तो लावणारा कागद माझ्याच हातचा असता.

मी कोकणातला, खाडीकाठच्या गावचा. शाळा लवकर सुटली. त्या काळी तेवढ्या शिक्षणावर शिपाई म्हणून घेत. एका नातेवाइकाच्या ओळखीने इकडच्या भरतीला आलो आणि सगळी नोकरी याच जिल्ह्यात झाली. निवृत्त झालो तेव्हा सहायक फौजदार होतो. कागद लिहायला बसलं की एकेक ओळ मी अजूनही दोनदा खोडतो. किती शिकलात, हे न विचारता माझ्या अडाणी प्रश्नांना सरळ उत्तर देणारं पहिलं माणूस म्हणजे मॅडम.

त्या प्रकरणाला बरीच वर्षं झाली, तरी तो चिनी मातीचा साचा आताच हातातून खाली ठेवल्यासारखा आठवतो.

हिवाळ्याचे दिवस होते. कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले एक काका तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आले. त्यांचे पणजोबा इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर कारकून होते. साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या मडमेने स्वयंपाकघरातले चार साचे पणजोबांना दिले. बाहेरून साधे पांढरे वाडगे, पण आत नक्षी खोलवर कोरलेली. एकात द्राक्षांचा घड, एकात गव्हाच्या ओंब्या, एकात अननस आणि एकात मासा. त्यात गोड पदार्थ ओतून घट्ट करायचा आणि ताटात उपडा करायचा. काकांच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्यांना द्राक्षांचा साचा निघायचा. दूध आटवून, चायनाग्रास घालून त्यात ओतायचं, आणि देवीपुढे दुधाचा पांढराशुभ्र घड मांडायचा. बाकीचे साचे ट्रंकेतच. माशाच्या साच्याला तर स्वयंपाकघराची पायरी चढायला बंदी होती.

जुन्या वस्तूंना भाव येतो असं ऐकून काकांनी एका व्यापाऱ्याला घरी बोलावलं. त्याने साचे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "काका, हे नवे आहेत. कुणीतरी बदललेत."

ट्रंकेची किल्ली सुनेकडे. सुनेचं माहेर साखरखेर्डा. तिच्या भावाने नुकताच जुना ट्रॅक्टर घेतलेला. काकूंनी दोन अधिक दोन केले. सुनेचा नवरा मान खाली घालून बसला. सून त्याच दिवशी एसटीने माहेरी गेली.

ठाणेदारांनी अर्ज माझ्या हातात दिला. "घरगुती भानगड आहे. जबाब घ्या, समज द्या आणि निकाली काढा." किमतीच्या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बरण्या-वाट्यांची काय किंमत? लिहा दोनशे."

त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता कुणीतरी म्हणालं, "सुनेच्या भावानं भांडे पोत्यात भरून नेले, मी सोता पाह्यलं." फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. वऱ्हाडी बोली मी पोट भरायला आल्यावर शिकलो. उसनी बोली कशी अडखळते ते मला स्वतःवरून माहीत आहे, आणि हा माणूस तसाच बोलत होता. पण खबर ती खबर. स्टेशन डायरीला नोंद केली आणि महिला शिपायाला घेऊन साखरखेर्ड्याला गेलो.

भाऊ अंगणातच ट्रॅक्टरचं चाक खोलून बसला होता.

"या साहेब, या. चोर पाह्याले आले न? बसा. चाय मांडू का आधी बेड्या घालता?"

"ट्रॅक्टर कशातून घेतला?"

"सोयाबीन इकलं, सोसायटीतून उचल घेतली. कागद दाखवतो." मग हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "चिनी मातीच्या वाट्या इकून टॅक्टर येते काय साहेब? मंग माह्या घरच्या कपबश्या नेतो इकाले. उडतं इमान घेतो एखादं!"

महिला शिपाई तोंडाला पदर नव्हता म्हणून रुमाल लावून हसली. झडती घ्यायला माझ्याकडे कागद नव्हता, पण त्याने स्वतःच कोठीपासून गोठ्यापर्यंत सगळं उघडून दाखवलं. काही निघालं नाही.

सून ओसरीवर खांबाला टेकून उभी होती. डोळे कोरडे. गुन्हेगार रडतो आणि निर्दोष रडत नाही असं काही नसतं, हे मी फार लवकर शिकलो होतो. तिचा जबाब महिला शिपायासमोर, घरच्या माणसांसमक्ष घेतला.

"तुम्ही साचे कुणाला दिले?"

"मी काऊन देऊ? मले त त्या मासोळीचं भेव लागते." मग एकदम तिचा बांध सुटला. "त्या घरात माहं काईच बरोबर नसते साहेब. महालक्ष्म्यांच्या दिवशी दूध उरलं, त सोळा भाज्या केल्या त्या कोणाले दिसल्या नाई. पेलाभर दूध उरलं ते साऱ्याईले दिसलं. दरसाल दुधाच्या गंजात आतल्या खुणेवरी दूध आटवतो, दरसाल तेवढंच साच्यात मावते. यंदा वर आलं, ताटात सांडलं. आत्याबाई म्हणे, माहेरी मापानं शिकवलं नाई." आत्याबाई म्हणजे तिच्या सासू, काकू. मग हळू आवाजात तिने विचारलं, "मले एवढंच सांगा, मी चोर आहो का?"

मी जबाबाचा कागद पुढे ओढला. दुधाचं गाऱ्हाणंही त्यात घेतलं, कारण बाई जे तळमळून सांगते ते वगळू नये, ही माझी सवय. परतताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, "नवऱ्याचा फोन नाई आला अजून. चोरीण म्हणून त मी त्या घरात पाय ठेवणार नाई."

त्या बाईचं घर आता माझ्या हातातल्या कागदावर टांगलेलं होतं. समज देऊन निकाली काढण्याची ही गोष्ट नव्हती.

मग मला मॅडम आठवल्या. एकदा पासपोर्टच्या पडताळणीसाठी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा काचेच्या कपाटात चिनी मातीची भांडी पाहिली होती. त्यांची मुलगी इंग्लंडात. तिच्याकडे गेल्या की त्या तिथल्या जुन्या बाजारांत दिवसदिवस फिरत. काकांकडचे चारही साचे पंचांसमोर ताब्यात घेतले, पावती दिली आणि ते घेऊन मॅडमकडे गेलो.

त्यांनी चष्मा लावला नाही. आधी वजनच पाहिलं. मग बोट आत घालून द्राक्षांच्या मण्यांवरून फिरवलं.

"तुम्ही बघा," म्हणाल्या.

"मला काय कळणार मॅडम?"

"बोट आहे ना? फिरवा."

मग त्यांनी कपाटातला आपला एक जुना साचा काढून माझ्या हातात दिला. तो हलका. आतली रेघ इतकी धारदार की बोटाला टोचावी. काठाच्या आत, खाचेत झिलई साचून किंचित पिवळी-हिरवी झालेली. काकांचा साचा मात्र जड, आणि मणी ओल्या साबणासारखे गुळगुळीत.

"जुन्या साच्याचं पहिलं मोल आतल्या नक्षीच्या धारेत," त्या सांगू लागल्या. "चीर गेली की भाव पडतो. चिकटवलेला असेल तर आणखी पडतो. मळाने काही बिघडत नाही. आणि तळाला शिक्का नाही म्हणून कुणी नाक मुरडलं, तर त्याला यातलं कळत नाही असं समजा. खूप जुन्यांवर बहुधा शिक्का नसतोच."

मी काकांचा साचा उलटा केला. तळाला ठसठशीत मुकुट.

"बनावट नोट जरा जास्तच करकरीत असते," मी म्हणालो. मॅडम पहिल्यांदा हसल्या. त्या हसण्याने माझी भीड चेपली.

मग त्यांनी जे सांगितलं, त्यावर सगळं प्रकरण फिरलं. "ही नक्कल नजरेने केलेली नाही. अस्सल साच्यावर प्लास्टर ओतून ठसा घेतलाय. पण चिनी माती भट्टीत गेली की आक्रसते. म्हणून ठशावरून केलेली नक्कल मूळ वस्तूपेक्षा नेहमी लहान निघते. शेजारी मूळ वस्तू नसेल तर डोळ्याला कळत नाही, इतकंच."

"लहान? किती लहान?"

"मूळ साचा पाहिल्याशिवाय कसं सांगू?"

मी खुर्चीतून उठलोच. "मी सांगतो मॅडम. पेलाभर दुधाइतका!"

साखरखेर्ड्याचा जबाब मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. म्हणजे महालक्ष्म्यांच्या आधीच साचे बदलले गेले होते. आणि ठसे घेऊन, ओतून, भाजून आणायला अस्सल साचे कुणाच्या तरी हाती कित्येक आठवडे असायला हवे होते. ट्रंकेतून रात्रीत काढून विकणाऱ्याचं हे काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर साचे धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ठेवले. जुन्या झिलईच्या बारीक तड्यांत मुरलेला डाग असा सहज निघत नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं. इथे बादलीतलं पाणी चहासारखं झालं. एक पंच वास घेऊन म्हणाला, "सायब, हा त खरंच चहा आहे." नकला जुन्या दिसाव्यात म्हणून चहात बुडवल्या होत्या. पंचनाम्यात तेही लिहिलं.

काकांना विचारलं, साचे कधी घराबाहेर गेले होते का?

"कधीच नाही."

काकू आतून म्हणाल्या, "अहो, उन्हाळ्यात तुमच्या भाच्यानं नेले होते न?"

काका चिडले. "तो घरचा मुलगा आहे! किंमत काढून देतो म्हणून नेले, महिन्याभराने परत आणले. मी स्वतः मोजून घेतले."

इथेच सगळी गोम होती. लग्नाकार्याला दिलेली भांडी परत आली की आपण मोजतो. चार गेली, चार आली, हिशोब संपला. आणि भाच्यावर संशय घेणं तर मामाला पाप वाटतं. त्यापेक्षा सून बरी. ती परक्या घरची.

भाचा मोठ्या शहरात घरं सजवण्याचा धंदा करायचा. बोलावल्यावर आला. कडक इस्त्री, गोड बोलणं. "मी फक्त फोटो काढले हो. मामींना विचारा." मी दटावलं नाही. ज्याला आपल्या हुशारीचा अभिमान आहे, त्याला दटावून काही मिळत नाही. त्याच्यापुढे आपण मठ्ठ व्हावं. मला ते फारसं अवघड गेलं नाही.

"राहू द्या," मी म्हणालो. "अस्सल साचेसुद्धा काही कामाचे नव्हते म्हणे. आमच्या तज्ज्ञ बाई म्हणतात, द्राक्षांच्या साच्याला चीर होती, चिकटवलेला होता. बोकडाएवढीही किंमत यायची नाही. मी अहवाल तसाच पाठवतो."

"चीर?" तो ताडकन पुढे झाला. "कुठल्या बाई? साहेब, त्याला केसाइतकी चीर नाही. पॅकिंग करताना मी स्वतः उजेडात धरून बघितलाय!"

जबाब लिहून घेणाऱ्या रायटरचा पेन थांबला.

"फोटो काढायला पॅकिंग कशाला लागतं?" मी विचारलं.

त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर सगळं सांगितलं. ठाण्यात आलेला तो निनावी फोनही त्यानेच केला होता. गुन्हा नोंदवला, आणि पंचांना घेऊन त्याच्या गोदामात गेलो. परदेशी गिऱ्हाइकासाठी भुशात भरलेल्या खोक्यातून चारही साचे निघाले. द्राक्षांचा साचा मी उचलला तेव्हा तो इतका हलका लागला की हात वर गेला. मॅडमना तिथूनच फोन केला. त्या म्हणाल्या, "खाचेत पिवळं दिसतंय का?" मी म्हणालो, "दिसतंय!" एवढा मोठ्याने, की पंच दचकले. एकेका साच्याला जातिवंत बोकडाची किंमत सहज आली असती, आणि द्राक्षांच्या साच्याला त्याहून बरीच जास्त. ठाणेदारांनी दोनशेचा आकडा स्वतःच्या हाताने खोडला.

ओळख पटवायचा पंचनामा काकांच्या घरी ठेवला. सुनेला बोलावलं. भाऊ ट्रॅक्टरवरच घेऊन आला, मुद्दाम. सगळी गल्ली दारात. तिने तोच दूध आटवायचा गंज घेतला, आतल्या खुणेपर्यंत पाणी भरलं आणि आधी नकली साच्यात ओतलं. वर आलं, परातीत सांडलं. मग पुन्हा खुणेपर्यंत भरून अस्सल साच्यात ओतलं. पाणी चढत चढत काठाला लागलं आणि थांबलं. एक थेंबही बाहेर नाही.

तिने गंज खाली ठेवला. "आता तुमी मोजा, आत्याबाई."

काकू तिच्याजवळ गेल्या, हात धरला. म्हणाल्या, "मोजणारीच चुकली व माय." नवरा पुढे आला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "तुमचा फोन बिघडला होता का?" गल्ली हसली. तो बिचारा हसूही शकेना आणि रडूही. पण त्या दिवशी ती परत गेली नाही. ट्रॅक्टर एकटाच साखरखेर्ड्याला गेला, आणि तिचा भाऊ कोपऱ्यापर्यंत हॉर्न वाजवत होता.

पुढे कोर्टाच्या सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू या हमीवर, साचे काकांना परत मिळाले. मला बक्षीस मिळालं, ठाणेदारांचं कौतुक झालं. मॅडमचं नाव कुठेच आलं नाही, त्यांनीच येऊ दिलं नाही.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. घरात चोरी झाली की बोट आधी सर्वांत परक्या माणसाकडे जातं, आणि पोलीसही त्याच बोटामागे चालतात. तपास करणाऱ्याने घरच्या लाडक्याला तोच प्रश्न विचारला पाहिजे. आणि जबाबात माणूस जे गाऱ्हाणं म्हणून सांगतो, ते पुरावा म्हणूनही एकदा वाचावं.

मॅडम आता एकट्या राहतात. गुडघे गेलेत. अकोल्याला ऑपरेशन करायचं आहे, पण दवाखान्याचं नाव काढलं की या वाघीण बाईचा चेहरा उतरतो. तारीख पुढे ढकलत राहतात. मागच्या आठवड्यात मी सांगितलं, "मॅडम, गाडीत मी असेन, शुद्धीवर याल तेव्हा समोरच्या बाकावरही मीच असेन. डबा कोण करणार ते त्या सूनबाईने ठरवूनही टाकलंय." त्या म्हणाल्या, "पाहू."

पाहायचं काही नाही, मॅडम. तुम्ही त्या दिवशी मला बोट फिरवायला शिकवलंत. तुम्ही तारीख ठरवा, पुढचं माझ्यावर सोडा. तुम्हाला पुन्हा तुमच्या पायांवर बाजार फिरवून आणल्याशिवाय हे ऋण मी सोडणार नाही.