तळ्यापलीकडचा महात्मा

मुक्याला वाचा देणाऱ्या आणि बोलक्याला वेळीच गप्प करणाऱ्या आई अंबाबाईच्या चरणी मस्तक ठेवतो, आणि माझी फजिती सांगतो.

आता काय सांगू तुम्हाला! साठी उलटली, गळ्यात तुळशीची माळ, तोंडी अभंग. पण गुरूचा अनुग्रह तेवढा राहून गेला होता. तीच एक रुखरुख. आमच्या घरी नुकताच ट्रान्झिस्टर आला होता, त्या वेळची ही गोष्ट. सणाची सुट्टी रविवारला जोडून आली, म्हणून चिरंजीवांनी राधानगरीच्या जलाशयाकाठची एक लाकडी बंगली तीन दिवसांसाठी भाड्याने घेतली. मी, सौभाग्यवती, मुलगा, सूनबाई आणि सहा वर्षांची नात, असे आम्ही कोल्हापुराहून एस.टी.ने पोहोचलो.

पहिल्या पहाटे टाळ घेऊन मी पाण्याकाठी गेलो. काय ते दृश्य! धुके इतके दाट, की पाणी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते, ते कळेना. मी काकडआरती आरंभली. दुसरे कडवे संपते न संपते, तोच धुके जरा विरळले आणि समोरच्या अरुंद फाट्यापलीकडच्या खडकावर एक शुभ्र आकृती दिसली. पांढरे मुंडासे, पांढरी घोंगडी, बैठक निश्चल. त्या आकृतीने माझ्याकडे पाहून हात उंचावला.

अभयहस्त! मला भरून आले. मी आवाज चढवला, टाळ दुप्पट वाजवले. तेव्हा महात्मा उभे राहिले, त्यांनी दोन्ही हात हलवले आणि शेवटी ओठांवर बोट ठेवले.

मौन! साठ वर्षांनी उपदेश मिळाला होता, तोही शब्दावाचून.

मी टाळ उपरण्यात बांधले आणि नातीच्या पाटीवर लिहून आज्ञा काढली: निघेपर्यंत घरात कोणी बोलायचे नाही. हौसेने सोबत आणलेला ट्रान्झिस्टर ट्रंकेत गेला. फोडणीची मोहरीसुद्धा झाकणाखाली तडतडली. मुलाने खुणेने टॉवेल मागितला, तर सूनबाईंनी लोणच्याची बरणी आणून दिली. सुट्टी वाया चालली, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. पण मी कशाला पाहतो? मी दिवसभर पाण्यावरून सरकणारी ढगांची सावली पाहत बसे. वाटे, आपणही हळूहळू विरघळतो आहोत.

दुसऱ्या पहाटे मी दुरून हात जोडले. पलीकडून महात्म्यांनीही जोडले. आता सांगा, याहून मोठी खूण ती कोणती?

तिसऱ्या दिवशी आम्ही सामान बांधत होतो, आणि साक्षात तेच काठाकाठाने चालत दारात आले. हातात पळसाच्या पानांचा पुडा. मी अंगणात साष्टांग नमस्कार घातला. ते दचकून मागे सरले.

"आवो पावणं, पाया कशापायी पडतासा?"

मी मौन सोडले. "महाराज, आपण मला मौनाचा उपदेश केलात."

"उपदेश कसला? गळ टाकून बसलोतो. तुमच्या टाळानं समदं मासं पळालं. गप बसा म्हणून हात केला, तर तुमी आनखीच जोरात! मग त्वांडावर बोट ठेवलं. तवापासनं गप ऱ्हायलासा, देवमाणूस हाईसा बघा. दोन दिस मासं लई गावलं. ह्ये चार तुमास्नी."

आणि गुरुप्रसाद माझ्या हातात ठेवून ते निघून गेले. गळ्यात तुळशीची माळ, ओंजळीत चार मासे, असा मी उभा.

मुलगा हसू दाबायला खोलीत पळाला. सौभाग्यवती मात्र शांतपणे पुढे आल्या आणि दोन दिवसांतले पहिले वाक्य बोलल्या.

"अहो, हाच उपदेश मी चाळीस वर्षं करते आहे. माझंच चुकलं, मी तळ्यापलीकडे उभं राहून करायला हवा होता."

तर श्रोतेहो, आपला गुरू कुणालाही पाण्यापलीकडे शोधावा न लागो. तुमच्या घरोघरी मोहरी मोकळेपणाने तडतडो, लेकीसुना हसत बोलत राहोत, आणि गप्प कधी बसावे, ते माझ्यासारख्यांनाही आई अंबाबाई उमजू देवो.